पत्रिकेखालचा मजकूर

जुन्या कॉम्प्युटरांचे प्रोग्राम जपून ठेवण्याचं वेड माझ्या मैत्रिणीला, नलूला. परवा तिनं आमच्या गावच्या बंद पडलेल्या छापखान्यातली अक्षरजुळणीच्या प्रोग्रामची फ्लॉपी उतरवून घेतली, आणि तिच्यावर माझीच लग्नपत्रिका निघाली. नावं, मुहूर्त, "कृपया आहेर आणू नये", सगळं जसंच्या तसं. आणि लगेच खाली, "दशक्रिया विधी नदीघाटावर होईल."

मी दचकले.

"अगं, कुणाची तरी जुनी फाईल पुसून त्याच जागी तुझी ठेवली," नलू म्हणाली. "तुझा मजकूर कमी भरला, म्हणून जुन्याचं शेपूट राहिलं."

"काढून टाक ना ते."

"छे! आहे तसंच जपायचं असतं."

गेलेलं माणूस कोण, ते आता कळणार नाही. त्याचं नाव वर होतं, आणि नेमकी तिथेच आमची दोघांची नावं बसली आहेत.