काचेच्या धाग्यांची मूर्ती

धुळ्याच्या कारखान्यात बुद्धाची मूर्ती पालथी घातलेली पाहिली आणि माझ्या काळजात धस्स झालं. आत काहीच नव्हतं. नुसतं पातळ कवच, आणि आतल्या बाजूला खरखरीत पांढरे धागे. दगडाच्या मूर्तीचा खर्च झेपणार नाही म्हणून वडिलांनीच गावातल्या नव्या विहारासाठी ही फायबरची मूर्ती पसंत केली होती. चांगली मूर्ती आणतो, असा शब्दही गावाला त्यांनीच दिला होता.

माझा चेहरा बघून कारागीर हसला. रेझिन म्हणजे डिंकासारखं घट्ट होणारं रसायन; नुसत्या वाळलेल्या रेझिनची चकती त्याने बोटांनी कडकन मोडली. मग तेच रेझिन काचेच्या धाग्यांच्या चटईत मुरवून केलेला तुकडा दोन विटांवर ठेवला आणि त्यावर उभा राहिला. तुकडा लवला, पण मोडला नाही.

"आपल्या कुडासारखंच की," वडील म्हणाले. "नुसती माती तडकते. आत कपाशीच्या पऱ्हाट्या असल्या की भिंत उभी राहते."

मला पटलं. पण शिंदखेड्याकडचं आमचं गाव, तिथे कोण कुणाचं ऐकतंय!

गावात मूर्ती जड असणार म्हणून गडीमाणसं दांडे आणि दोरखंड घेऊन तयारच होती. वडिलांनी आणि मी दोघांनीच टेम्पोतून मूर्ती उतरवून विहाराच्या ओट्यावर ठेवली, तेव्हा सगळे आ वासून बघत राहिले. विहाराचा कारभार बघणारे आबा पुढे आले.

"तुले फसाडं," ते वडिलांना म्हणाले. "पोकळ शे मूर्ती. बठ्ठं गाव हासी आपलेवर. परत धाड."

कुणी फसवलं नाही, सगळं गाव हसणार नाही, असं वडील समजावू लागले. आबांनी रागाच्या भरात, दगड उचलायच्या जोराने मूर्तीला हिसका दिला. ती त्यांच्या हातातून उडाली आणि ओट्याखालच्या फरशीवर आदळली.

आबा पांढरेफटक पडले. वडिलांनी डोळे मिटून घेतले होते, म्हणून मीच वाकून पाहिलं. कडेचा रंग तेवढा उडाला होता. तडा कुठेच नव्हता.

बायका आतापर्यंत मागेच उभ्या होत्या, कारण मूर्ती उचलणं हे पुरुषांचं काम. त्यांच्यातून आबांची थोरली बहीण, आमची अक्का, पुढे आली. लहानपणी देवळाच्या पायरीला हात लागला म्हणून तिने मार खाल्ला होता. तिने पदर खोचला आणि मूर्ती एकटीनेच उचलून छातीशी धरली.

"भाऊ, जड ऱ्हाती तं मना हातमा कशी येती?"

मला रडू आवरेना. आबांनी वाटेतले दांडे बाजूला केले आणि तिच्यासाठी विहाराचं दार उघडलं.