खड्डा नसलेली रेकॉर्ड

कॅनडातल्या थंडर बे शहराच्या वाचनालयातल्या तळघरात आम्ही रविवारी दुपारी दोनला जमतो. प्रत्येकाने एक रेकॉर्ड आणायची, तिची एक बाजू लावायची, ती संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि मग आठवण सांगायची. आर्वो लेहतिनेन बारा वर्षं येत होता. पेपर मिलमधून निवृत्त झालेला, हाताचे पंजे फावड्याएवढे. रेकॉर्ड मात्र कडेला बोटं टेकवून अशी उचलायचा, की जणू अंगावर पिणारं बाळ.

त्याची आठवण दर वेळी डोरीनचीच, म्हणजे बायकोची. "पुरे रे, आर्वो," गॉर्ड म्हणायचा, "तुमचं लग्न आम्हाला पाठ झालंय. केकचा रंगसुद्धा सांगू का?"

"सांग."

"पांढरा."

"चूक. गुलाबी. म्हणजे पुन्हा ऐकायला हवं तुला."

डोरीनला वृद्धाश्रमात ठेवून तीन वर्षं झाली होती. ती कुणालाच ओळखत नसे. आर्वो रोज सकाळी छोटा रेकॉर्ड प्लेअर घेऊन जायचा आणि एकच रेकॉर्ड लावायचा. आमच्याच शहरातल्या, कधीच मोडलेल्या एका नाचाच्या बँडची ती. फार प्रती निघाल्याच नव्हत्या. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात नाचताना आर्वोचं ढोपर टेबलाला लागलं, सुई घसरली आणि तिसऱ्या गाण्यात ओरखडा पडला. तेव्हापासून तिथे सुई उडी मारायची, अर्धी ओळ गाळून पुढे जायची. त्या दोघांनी तिथे एक जास्तीचं पाऊल बसवलं होतं. डोरीन त्याचा दंड धरायची आणि म्हणायची, "खड्डा, आर्वो!"

आश्रमातही म्हणायची. दिवसभरात तेवढं एकदाच ती त्याचं नाव घ्यायची. तेवढ्यासाठी तो उणे तीस अंशात बसने जायचा. मी त्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. दारातून दोनतीनदा ऐकलंय मी.

आम्हाला त्याने रेकॉर्डची गोष्ट सांगितली होती, खड्ड्याची नव्हती; ती मला नंतर कळली. ते त्यांचं दोघांचं असावं. ओरखडा बघून गॉर्डच फक्त हळहळला. वर्षभर तो जुन्या सामानाचे बाजार धुंडाळत राहिला आणि एका रविवारी त्याने तीच रेकॉर्ड टेबलावर ठेवली. एकदाही न वाजलेली.

"घे. जुनी मला दे. तिचं कव्हर चांगलं आहे, मी ठेवतो."

आर्वोचे डोळे भरले. "तिला एकदा गाणं अख्खं ऐकू दे," तो म्हणाला, आणि जुनी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या चहाची ट्रॉली घेऊन मी खोलीत शिरले तेव्हा तिसरं गाणं चालू होतं. स्वच्छ, गुळगुळीत. ती जागा आली आणि गेली. डोरीन खिडकीबाहेर बघत होती. आर्वोने गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा. चौथ्यांदा ती म्हणाली, "अहो, जरा बंद करता का ते?"

मग त्याने नव्या रेकॉर्डवर सुईने ओरखडा काढून पाहिला. चाळीस वर्षं मशीनच्या पात्यांना धार लावलेला माणूस. पण सुई भलत्याच शब्दावर अडकली आणि तोच तोच शब्द बडबडत बसली. डोरीनने कान झाकून घेतले.

शेवटी तो गॉर्डकडे गेला. मी बरोबर होते, माझ्याच गाडीतून गेलो.

"जुनी?" गॉर्ड हसला. "थांब. मार्ज, ते आण ग! म्हटलं होतं ना मी, हा विचारणार म्हणून!"

मार्जने, त्याच्या बायकोने, आतून एक वाडगा आणला. बाद रेकॉर्डी ओव्हनमध्ये तापवून, कडा दुमडून ती चर्चच्या विक्रीसाठी असे वाडगे करते. तळाला बँडच्या नावाचा गोल कागद तसाच होता.

"हा विकायचा नाही म्हटलं," मार्ज म्हणाली. "हा डोरीनला."

मी आर्वोकडे बघितलं. आता बोलेल असं वाटलं. त्याने आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला, ओरखडा सापडला तिथे थांबवला.

"छान झालाय," तो म्हणाला. "काम चांगलं आहे तुझं, मार्ज."

"आणि नवी कशी वाजते?" गॉर्डने विचारलं.

"एकदम साफ."

गाडीत मी चिडले. "सांगायचं होतंस ना त्यांना!"

"काय सांगू? वर्षभर हिंडला ग तो माझ्यासाठी."

आता रेकॉर्ड प्लेअर घरीच असतो. आर्वो तरीही रोज येतो. वाडगा डोरीनच्या खिडकीशी आहे. मी त्यात बिस्किटं ठेवते. काल तिने तो उचलून त्याच्यापुढे धरला, आलेल्या पाहुण्यापुढे धरावा तसा.

"घ्या ना. लाजू नका. लांबून आलात का?"

"नाही," आर्वो म्हणाला. "इथलाच आहे मी."

त्याने एक बिस्किट घेतलं. ती समाधानाने हसली आणि खिडकीकडे वळली.