लेणी कुठं पळून जाताहेत

आमच्या गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर इतका जवळ दिसतो की वर कोणी शिंकलं, तर खाली आमच्या घरात काढा उकळायला ठेवतात. या डोंगराच्या पायथ्याशी मी एकतीस वर्षं राहतोय आणि वर एकदाही गेलो नव्हतो. बायकोनं विषय काढला की माझं उत्तर तयार, "जाऊ की. लेणी कुठं पळून जाताहेत?"

म्हणून लेणी मला माहीत नव्हती असं मात्र कोणी समजू नये. येईल त्या पाहुण्याला मीच पायथ्याशी न्यायचो, अर्धा तास व्याख्यान द्यायचो आणि त्यांना वर पाठवून चहाच्या टपरीवर त्यांच्या पिशव्या सांभाळत बसायचो. वरचा दगडी द्वारपाल रोखून बघणाऱ्याकडे पाहून पापणी हलवतो, हा शोध माझाच. लासलगावचा मेव्हणा खाली येऊन शपथेवर म्हणाला, "दाजी, हालली. दोनदा हालली." तेव्हापासून माझाही विश्वास बसला.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं. नंतर डोंगर चढणं कायमचं विसरा, म्हणाले. मी लेण्यांचं विचारलं, तर शेजारी बसलेला आमचा मुलगा म्हणतो, "पप्पा, गॅलरीतून बघा ना. लेणी कुठं पळून जाताहेत?"

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. लेणी दोन हजार वर्षं जागच्या जागी होती. पळून चालले होते ते माझे गुडघे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पायथ्याशी हजर. बायको मला अडवायला आली होती, पण बूट घालून.

चहावाल्यानं सवयीनं माझी खुर्ची पुसली. "काका, पाहुणे कुठंयत?"

"आज पाहुणा मीच. ही पिशवी सांभाळ."

पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. मी चार हजार मोजल्या, त्यातल्या काही दोनदा.

अर्ध्यावर बायको म्हणाली, "फिरा मागं. डॉक्टर काय बोललेत?"

"ते आलेत का कधी इथं?"

"नसतील आले."

"मग त्यांना काय कळतंय."

शेवटचा टप्पा मी बसून चढलो, उलटा, एकेक पायरी ढुंगणानं सर करत. उतरणारी माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

वर द्वारपालासमोर फतकल मारली आणि त्याच्याकडे रोखून बघत राहिलो.

"हलली का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग इतकी वर्षं लोकांना काय सांगत होतात?"

मी द्वारपालावरची नजर काढली नाही. तीही शेजारी टेकली, बघत राहिली. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाली, "थांबा. अजून जरा बघू."

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन. "दाजी, रविवारी चार माणसं घेऊन येतो लेणी दाखवायला. तुम्ही हायेत ना खाली?"

"ये. पण खाली तू बस पिशव्या घेऊन," मी म्हणालो. "माझं ऑपरेशन सोमवारी आहे. रविवारी मी वर असणार."