टिकल्या लावलेलं कॉकपिट

पत्र दोन परिच्छेदांचं होतं. पहिल्यात अभिनंदन होतं: कंपनी आता जेट विमानं घेते आहे आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी तुमची निवड झाली आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं की प्रशिक्षण पूर्ण झालं नाही तर जुन्या, पंख्याच्या विमानावर परत जाता येणार नाही, कारण ती विमानं आता कंपनीकडे राहणारच नाहीत. मी पहिला परिच्छेद आईला फोनवर वाचून दाखवला. दुसरा वाचला नाही.

चार वर्षं मी त्या पंख्याच्या विमानावर सहवैमानिक होतो. चेन्नईहून निघायचं, लहान लहान गावांच्या धावपट्ट्यांवर उतरायचं, संध्याकाळी परत. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, पदवी घेतलेला पहिला, आणि विमानात बसलेलाही पहिला. पहिल्यांदा बसलो तेही चालवायला शिकण्यासाठीच. हे मी जिथे तिथे सांगत सुटतो, असं माझी बायको म्हणते. सांगतो. का सांगू नये?

नवीन विमान हाती येण्याआधी त्याचा कागद हाती येतो. म्हणजे असं की कॉकपिटचं पूर्ण आकाराचं चित्र छापून भिंतीला लावायचं, समोर दोन खुर्च्या मांडायच्या आणि कुठला स्विच कधी, कुठला नंतर, हे हाताला शिकवायचं. सगळे वैमानिक करतात. मी चित्र छापायला चेन्नईच्या गिंडी भागात गेलो. बेअरिंग आणि लेथच्या कारखान्यांच्या मधे एक फ्लेक्सचं दुकान आहे. दुकानदाराने पडद्यावर चित्र उघडलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"सार, फोटो कुठाय?" त्याने तमिळमध्ये विचारलं. "पुढाऱ्याचा नाही, नवरा-नवरीचा नाही?"

"फोटो नाही. एवढंच आहे," मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं.

"मग खाली शुभेच्छुक म्हणून तुमचं नाव तरी टाकू?"

पेरुंगुडीतल्या माझ्या खोलीच्या भिंतीला ओल होती. दमट हवेत टेप दोन तास टिकायची आणि मग अख्खं कॉकपिट माझ्या अंगावर यायचं. म्हणून सराव अड्यारला, माझ्या जोडीदारणीच्या घरी करायचं ठरलं. प्रशिक्षणात दोघा-दोघांची जोडी लावतात. एक जण डाव्या खुर्चीत बसून कॅप्टनचं काम करतो, दुसरा उजवीकडे सहवैमानिकाचं. माझ्या वाट्याला आलेली मुलगी माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तंजावरकडच्या मराठी घरातली. आमची जोडी का लावली हे उघड होतं. यादीत मराठी आडनावं दोनच होती.

तिच्या आईने पहिल्या दिवशी जिन्यातच सांगितलं, "तुम्ही महाराष्ट्रांतले म्हणे. आमची मराठी ऐकून हसूं नका हो. आम्ही इथेच पिढ्यान् पिढ्या."

मी हसलो नाही. पण तमिळच्या चालीवर चाललेली ती जुनी मराठी ऐकताना गालात हसू यायचं हे खरं. मुलगी मला अण्णा म्हणायची. तिला मराठीपेक्षा तमिळ आणि इंग्रजी सोपी जायची, पण माझ्याशी ती हट्टाने मराठीच बोलायची.

सरावाची रीत साधी असते. आधी ठरलेल्या क्रमाने हाताने सगळं करायचं. मग एकाने चेकलिस्ट वाचायची आणि दुसऱ्याने प्रत्येक नावाला त्या त्या जागी बघून उत्तर द्यायचं. चेकलिस्ट असते ती हाताने राहून गेलेलं डोळ्यांनी पकडायला.

नव्या विमानाच्या सगळ्या चेकलिस्ट मी चार दिवसांत तोंडपाठ केल्या. ती एक नाव वाचायची आणि तिचे ओठ मिटायच्या आत माझं उत्तर तयार. तिची पाळी आली की मात्र ती प्रत्येक ठिकाणी मान वळवायची, थांबायची, बघायची, मग बोलायची. एकदा मी म्हणालो, "बाई गं, तू इतकं सावकाश केलंस तर प्रवासी उतरून बसने जातील."

"जाऊं देत," ती म्हणाली. "सुखरूप पोचतील तरी."

माझा हा वेग कुठून आला ते सांगायला हवं. माझ्या आईला अक्षरओळख नाही. वडील गवंडीकामाला बाहेरगावी असायचे. पण अभ्यास घेतल्याशिवाय आई ताट वाढायची नाही. पुस्तक मांडीवर धरायची, कधी कधी उलटं, आणि म्हणायची, "म्हण." मी म्हणायचो. ती पुस्तकाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायची. अडखळलो की, "येत नाही तुला. परत." न अडखळता म्हटलं की ताट. तिच्याकडे दुसरं मोजमाप नव्हतं, आणि तिने मला शिकवलं याचा मला आजही अभिमान आहे. पण मला फार लवकर कळलं होतं की विसरलेल्या ओळीच्या जागी काहीही घातलं तरी चालतं, फक्त थांबायचं नाही. त्याच दमावर मी बारावी झालो, बी.एस्सी. झालो, परवान्याच्या लेखी परीक्षा दिल्या. माझ्यासारख्यांना वर्गात "समजलं नाही" म्हणायची सोय नसते. एकदा म्हटलं की सगळ्यांना तेच वाटायला लागतं जे त्यांना आधीपासून वाटत असतं.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी तिच्याकडे गेलो तेव्हा भिंतीवरच्या स्विचांवर तिने टिकल्या चिकटवून ठेवल्या होत्या. आईच्या पाकिटातल्या. लाल म्हणजे बंद, हिरवी म्हणजे चालू. कागदावरचा स्विच एरवी कुठल्याच स्थितीत नसतो, म्हणून तिची ही युक्ती. मला गंमत वाटली. त्या दिवशी सराव झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. तिने चेकलिस्ट वाचली, मी धडाधड उत्तरं दिली. संपल्यावर तिने वही खाली ठेवली.

"अण्णा, तीन जागीं लाल होती. तुम्ही तिन्हीला 'ऑन' म्हणालांत."

"कुठे?"

तिने बोट दाखवलं. एक, दोन, तीन. तिसरी तर माझ्या नाकासमोर होती.

"तू मुद्दाम लावलीस?"

"मुद्दामच. काल दोन लावल्या होत्या. कालही तुम्हांला दिसल्या नाहींत."

कालपासून ती माझी परीक्षा घेत होती आणि मला माहीत नव्हतं, हे मला झोंबलं. मी म्हणालो, "कागदावर कोण बघतं? खऱ्या यंत्रात बसलो की बघेन. चार वर्षं विमान चालवलंय मी. तू एक वर्ष. मला शिकवू नकोस." आणि उठलो. जिन्यात तिची आई कॉफीचे टंबलर घेऊन वर येत होती.

"हें काय, कॉफी टाकून जातांत?"

"काम आहे," मी म्हणालो. काम नव्हतं.

त्यानंतरही सराव झाला, कारण जोडी बदलता येत नव्हती. पण भिंतीवरच्या टिकल्या गेल्या. ती वाचायची, मी उत्तर द्यायचो, ती काही बोलायची नाही. मला वाटलं, बरं झालं, प्रश्न मिटला.

मग सरावाच्या यंत्रावर पहिली तपासणी झाली. हे खरं सिम्युलेटर नव्हे. हलत नाही, पण पडदे, स्विच, आवाज सगळं खऱ्यासारखं असतं. यात बरं केलं तरच पुढे सिम्युलेटर मिळतं. शिकवणारे सर साठीचे, हवाई दलातून आलेले, कमी बोलणारे. इंग्रजीतच बोलायचे. मी उजवीकडे, ती डावीकडे.

उतरायची वेळ आली. उतरताना विमानतळावरचा हवेचा दाब उंची दाखवणाऱ्या यंत्रात भरावा लागतो, दोघांनी आपापल्या बाजूला. नाही भरला तर यंत्र चुकीची उंची दाखवतं. रेडिओवर दाब सांगितला गेला: एक हजार तीन. मी तो ऐकला, परत म्हणून दाखवला, तेवढ्यात सरांनी दुसरं काही काम मागे लावलं. मग तिने चेकलिस्ट वाचली.

"बॅरो रेफरन्स?"

"एक हजार तीन, सेट," मी म्हणालो. एक क्षणही न थांबता.

ती क्षणभर माझ्या बाजूच्या पडद्याकडे बघत राहिली. मग पुढचं नाव वाचलं.

समोरचं चित्र थांबलं. सरांनी यंत्र गोठवलं होतं.

"एक हजार तीन कुठे आहे? मला बोटाने दाखव," ते मागून म्हणाले.

मी बोट उचललं. पडद्यावर तो आकडा नव्हताच. वरच्या उंचीवर सगळे जो ठरावीक दाब वापरतात, तोच तसाच होता. मी भरलाच नव्हता.

"तुला वाटतं त्यापेक्षा तू तीनशे फूट खाली आहेस," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. मग तिच्याकडे वळले. "तू पाहिलंस?"

"हो सर."

"त्याने उत्तर देण्याआधी की नंतर?"

"नंतर, सर. लगेच."

"मग बोलली का नाहीस?"

मानेवर घाम आला होता तिच्या, एसी चालू असून. मला वाटलं, आता ही सांगेल, टिकल्यांचं सगळं सांगेल. तिने सांगितलं नाही. म्हणाली, "माझी चूक, सर."

सरांनी दोघांच्याही कागदांवर लिहिलं. परवा आणखी एक सत्र. ते बरं झालं नाही तर सिम्युलेटरसाठी नाव पाठवणार नाही. माझं नाही तसं तिचंही नाही. जोडी म्हणजे जोडी.

बाहेर आल्यावर मी गाडीच्या सीटवर बसून राहिलो. उन्हाने सीट भाजत होती. माझी नोकरी गेली असती तर ती माझी चूक झाली असती, ते मी कसंही सोसलं असतं. पण त्या मुलीने पाहिलं होतं, आणि तिचं तोंड मीच बंद केलं होतं. त्याहून वाईट विचार नंतर आला. जुन्या विमानावर चार वर्षांत माझं हे कधी उघडं पडलं नाही. तिथे मी खरंच बघत होतो, की शेजारचे कॅप्टन माझ्या वाटणीचंही बघत होते? मला आठवत नाही. किती माणसं माझ्या मागे बसून गेली, आणि मला आठवत नाही.

मी पेरुंगुडीला न जाता अड्यारला गेलो. तिच्या आईने दार उघडलं आणि कॉफी विचारली नाही. वर ती भिंतीसमोर एकटीच बसली होती.

"बोलायला हवं होतंस," मी म्हणालो. म्हणायचं दुसरंच होतं.

ती खवळली. "बोललें असतें तर? सरांसमोर पुन्हा 'चार वर्षं, चार वर्षं' म्हणालां असतां! माझ्या कागदावर पहिला शेरा आहे हा, अण्णा. पहिला. तुमच्यामुळें नाही, माझ्यामुळेंच. मी भ्यालें तुम्हांला. उंचीला नाही भ्यालें, तुम्हांला भ्यालें."

मी खाली बघत होतो. मग ते वाक्य कसंबसं बाहेर आलं, "मला बघून बोलता येत नाही. म्हणजे सवयच नाही. पाठ आहे म्हणून बोलतो. काय करायचं ते सांग."

तिने टेबलाच्या खणातून टिकल्यांचं पाकीट काढलं.

"बोट लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सरि?"

"सरि," मीही तमिळमध्येच 'बरं' म्हणालो.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस आम्ही तेच केलं. ती वाचायची, मी बोट न्यायचो, बघायचो, आणि बघितलं की पाठ असलेलं उत्तर डोक्यातून गायब व्हायचं. घाबरायला झालं. चार दिवसांत पाठ केलेलं एका दुपारीत पुसलं जात होतं, आणि परवा सत्र होतं. मी लहान मुलासारखा अडखळत होतो. एकदा तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. "हे तर मागे गेलेत की," ती हळूच म्हणाली. मुलीने तिला हाताने गप्प केलं. संध्याकाळी मात्र कॉफी मिळाली.

त्या सत्रात मी इतका सावकाश होतो की सरांनी दोनदा घड्याळ बघितलं. उतरताना दाब भरला, बोट लावलं, वाचला, बोललो. ते जमलं. पण चाकं खाली घेतल्यावरच्या चेकलिस्टमध्ये एका नावाला माझं तोंड पुन्हा डोळ्यांच्या पुढे धावलं. "सेट" म्हणून मी मोकळा झालो.

"अण्णा, नाही," ती मोठ्याने म्हणाली. मराठीत, सरांसमोर. "पुन्हा पाहा."

माझ्या कानशिलात रक्त चढलं ते मला कळलं. मी पाहिलं. पंखांच्या फ्लॅपचा लिव्हर एक खाच अलीकडे होता. मी म्हणालो, "सेट नाही. मी पाहिलं नव्हतं." तो पुढच्या खाचेत नेला. पुन्हा बोट लावलं. मग बोललो.

यंत्र बंद झाल्यावर सरांनी तिच्या कागदावर आधी सही केली. मग माझ्या कागदावर. सहीखाली बराच वेळ काही लिहीत राहिले. दोघांनाही सिम्युलेटरसाठी पाठवलं आहे, एवढंच म्हणाले. मी कागद जिन्यात वाचला. पास केलं होतं. खाली लिहिलं होतं: उत्तर देण्याआधी हा बघतो का, याकडे प्रत्येक सत्रात लक्ष ठेवावे. म्हणजे पुढचा प्रत्येक शिकवणारा मला भेटण्याआधी ही ओळ वाचणार. पदव्या, परवाने, चार वर्षं, या सगळ्याच्या आधी ही ओळ.

ती दोन पायऱ्या खाली थांबली होती.

"काय लिहिलें?"

मी कागद तिच्याकडे दिला. एरवी दिला नसता. तिने वाचला, घडी घातली, परत दिला.

"खरेंच आहे की," ती म्हणाली. "उद्या किती वाजतां येतांत?"