धारवाडची स्वस्ताई

आमच्या शेजारच्या नीलव्वा बंगळुरूतल्या मुलाला, महांतेशला, रोज फोनवर धारवाडचे भाव ऐकवत. "कढीपत्त्यालाही पैसे मोजता? वेडेच आहात! तुझ्या भाड्यात इथं अंगणासकट घर मिळतं." महांतेशनं परत यावं, एवढंच मनात, पण 'ये' म्हणायचं नाही, त्यानं आपणहून यावं, हा हट्ट.

परवा मी गरम भाकरी द्यायला गेले, तेव्हा फोनच्या स्पीकरवर तोच बोलत होता. "अव्वा, तुझं पटलं मला."

नीलव्वांचा चेहरा उजळला.

"तुला इकडे आणायला मोठं घर बघत होतो, ते रद्द केलं. एवढ्या स्वस्ताईत तू तिथंच सुखी."

"बरं, बाळा," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी निघाले, तर पदर धरला.

"बस की गं, घाई कसली?"