टेक्सास ते सेम्बावांग: अरुणची सायकल

माझा नवरा सायकलच्या अपघातात गेला नाही.

हे आधीच सांगून टाकते. कारण बातमी कळल्यावर निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "सायकलवर होता का?"

नाही हो. स्वादुपिंडाचा कॅन्सर. इथे सिंगापूरला, नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये, एसीच्या गारठ्यात, माझी शाल पांघरून गेला.

आज वर्ष झालं.

अरुणला सायकलचं वेड वगैरे नव्हतं. वेडे लोक घट्ट चड्ड्या घालून रविवारी पहाटे निघतात आणि नंतर फोटो टाकतात. हा फॉर्मल पँटला क्लिप लावून ऑफिसला जायचा आणि येताना कोथिंबीर आणायचा.

सिंगापूरच्या आधी आम्ही आठ-दहा वर्षं टेक्सासमध्ये होतो. तिथे दूध आणायलाही गाडी लागते. रस्ते एवढाले रुंद, आणि फुटपाथ असला तर मध्येच संपलेला.

अशा रस्त्याच्या कडेकडेने हा आपला सायकल मारत ऑफिसला. लोक थांबून विचारायचे, "सर, गाडी बंद पडली का? सोडू का कुठे?"

आणि आमची मराठी मंडळी!

एका रविवारी मंडळातल्या दोघी जणी खिचडी-कढीचा डबा घेऊन दारात. चेहरे सुतकी. एकीने माझा हात हातात घेतला.

"वहिनी, मन घट्ट करा. होतं असं कधीकधी. लायसन्स परत मिळतं."

मला काही कळेना. मग उलगडा झाला. तिकडे चांगला नोकरीतला माणूस सायकलवर दिसला की लोक धरूनच चालतात, हा दारू पिऊन गाडी चालवताना सापडला असणार.

आणि आमचा अरुण! वर्षाकाठी एक बिअर, तीही अर्धी माझ्या गळ्यात मारणारा.

मी लाजेने अर्धमेली झाले. तो मात्र हसून हसून लोळला. म्हणाला, "कढी फर्स्टक्लास होती. राहू दे अजून थोडे दिवस संशय."

मग इथे आलो. रॅफल्स प्लेसला त्याची बँकेतली नोकरी, सेम्बावांगला घर. घरापासून एमआरटी स्टेशनपर्यंत सायकल, पुढे ट्रेन. सकाळी मार्केटला निघालेले चिनी अंकल-आँटी तसल्याच जुनाट सायकलींवर, पुढच्या बास्केटमध्ये भाजी. सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणत जायचा. मासा पाण्यात सोडल्यासारखा खूश होता.

तो गेल्यावर मात्र मला ती सायकल डोळ्यांसमोर नको झाली.

दाराबाहेर कॉरिडॉरमध्येच उभी असायची. आमच्या लेकीला, सईला, मी कितीदा म्हटलं, भंगारवाल्याला देऊन टाक. ती "हो आई" म्हणायची आणि द्यायची नाही.

त्यातच सईला अमेरिकेत मास्टर्सला ॲडमिशन मिळाली. शहर वेगळं, पण जात तीच, गाडीशिवाय पान न हलणारी. जानेवारीत निघायचंय. मी म्हटलं, पोचल्यावर पहिल्यांदा एक सेकंडहँड गाडी घे.

"नो नीड. आय विल सायकल, लाह." शेवटी तो सिंगापुरी 'लाह' आहेच.

मी साफ नाही म्हटलं. घरात अबोला.

खरं सांगते, हे नुसतं रस्त्याचं भय नव्हतं. एक माणूस घालवून बसले होते. दुसऱ्याला मोठ्या रस्त्यावर सोडायचं बळ माझ्यात नव्हतं.

मग दसरा आला. वर्षाच्या आत सण करत नाहीत, म्हणून मी साधा वरणभात लावला होता. दार उघडलं तर सायकलच्या हँडलला झेंडूची माळ. सई लिटिल इंडियातून घेऊन आली होती. चाकाला हळदकुंकू लावत बसली होती.

"सई, अगं यंदा सण नाही आपल्याला."

"सण कुठे करतेय? बाबाची गाडी आहे ही. तो एव्हरी इयर करायचा."

चाकाखाली लिंबू ठेवायला वाकली आणि एकदम हसायलाच लागली.

"आई, टेक्सासचा दसरा? पार्किंग लॉट?"

आठवला मला! मंडळाची वाहनपूजा. एवढाल्या गाड्यांची रांग, आणि शेवटी अरुणची सायकल. गुरुजी म्हणाले, एकेकाने लिंबावरून गाडी पुढे घ्या. गाड्या गेल्या. अरुण झब्बा सावरत ऐटीत निघाला. लिंबू काही चिरडलं नाही, चाकच घसरलं, आणि हा थेट गुरुजींच्या अंगावर. पूजेच्या ताटासकट दोघे आडवे!

आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये फतकल मारून हसलो. मग रडलो. शेजारच्या आँटी दारातून बघून गेल्या.

डोळे पुसत सई म्हणाली, "टेक्सासला शाळेत जाताना मी मागे बसायचे ना, बाबा सगळ्यांना हाय करायचा. क्रॉसिंगवरची लेडी, पोस्टमन, लोकांची कुत्री पण. पाऊस असला की तू गाडीने सोडायचीस. तेव्हा मला नुसत्या दुसऱ्या गाड्या दिसायच्या. आता तिथे मी एकटी असणार, आई. मला माणसं दिसायला नकोत का?"

इतकी वर्षं मला वाटायचं, हा पेट्रोल वाचवतोय. हा त्या परक्या गावात माणसं जोडत होता.

मी हो म्हटलं.

"तिथे आता सायकलची लेन पण केलीय," सई म्हणाली. "मॉलपर्यंत आहे. मग संपते."

"संपल्यावर काय करणार?"

"बेल वाजवणार."

अगदी बापावर गेलीय.

काल हेल्मेट आणि दिवे घेऊन आले. दुकानातले सगळ्यात झगझगीत. सईने लावून बघितले.

"आई, सो ब्राइट! लोकांना विमान वाटेल, लाह."

"वाटू दे. लांबून दिसलीच पाहिजेस."

अरुण, लेक निघाली आहे.

भीती वाटते अजून. पण अडवणार नाही. तिच्या पाठीशी मी आहे.

तू निवांत राहा.