यमुताईंच्या मुठीतलं झाकण

वामनराव सरांनी गाडीला सरबत पाजलं, तेव्हा गाडीने चकार शब्द काढला नाही. तक्रार केली ती चार किलोमीटरनंतर, आणि तीही सुगंधी. बेसा रोडवर बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि मे महिन्याच्या भर दुपारी अख्ख्या चौकाला ओल्या वाळ्याचा वास आला. मागचा ऑटोवाला हॉर्न द्यायचा विसरून घटकाभर डोळे मिटून उभा राहिला.

चूक सरांचीच. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढलेला पाहून त्यांनी गाडी सावलीत थंड केली आणि डिकीतली हिरवी बाटली कूलंटची समजून रेडिएटरमध्ये ओतली. पण डिकीत हिरव्या बाटल्या दोन होत्या. दुसरीत महाल भागात राहणाऱ्या मेहुणीने करून दिलेलं वाळ्याचं घट्ट सरबत होतं, चार वाजता येणाऱ्या होणाऱ्या व्याह्यांसाठी. लेबल एकीवरही नव्हतं. आणि ‘लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात लावाल तर याद राखा!’ असं तेहतीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ओरडणारा माणूस म्हणजे हेच वामनराव सर.

दोन भल्या माणसांनी गाडी ढकलत यमुताईंच्या टिनाच्या शेडपर्यंत आणून दिली. शेडवर पाटी होती : ‘रेडिएटर. घाई असेल त्यांनी पुढे जावे.’ सरांना घाईच होती, पण पुढे नुसती रसवंती होती.

यमुताई पन्नाशीच्या. पदर खोचलेला, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. त्यांचे वडील न्हाणीघरातले गळके बंब झाळून सांधायचे आणि ट्रकचे रेडिएटरही. दोन्हीत पाणीच तापतं, असं त्यांचं साधं शास्त्र. ते शास्त्र लेकीने उचललं, आणि एक प्रश्नही. गाडी दारात आली की यमुताई आधी विचारायच्या, “काय टाकलं?” कारण गळती थांबावी म्हणून कोणी हळद टाकतं, कोणी तंबाखू, आणि विचारलं की सगळेच म्हणतात, “काहीच नाही.”

“काय टाकलं, सर?”

“काहीच नाही.”

यमुताईंनी रेडिएटरच्या तोंडाशी साचलेला हिरवा चिकटा बोटावर घेतला, अंगठ्याने दाबला आणि बोटं हळूच दूर केली. मधे तार निघाली.

“एकतारी,” त्या म्हणाल्या. “आणखी दोन किलोमीटर चालवली असती, त लाडू वळता आले असते.”

सर वरमले. खरं काय ते त्यांनी सांगून टाकलं. रेडिएटर बदलण्याशिवाय इलाज नव्हता. नळ्यांत पाक बसला होता आणि प्लास्टिकची टाकी तडकली होती. यमुताईंनी कामाला हात घातला. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. घरून, सरांच्या पत्नी मनकर्णाकाकू.

“अहो, आहात कुठे? सरबत आणताय ना?”

सर कोपऱ्यात सरकले. आवाज दाबून म्हणाले, “अगं, मागच्या महिन्यात यमुताईंनी कूलंट घातलं होतं ना, ते भेसळीचं निघालं. त्यानेच रेडिएटर गेला. त्या धावपळीत सरबतही सांडलं.”

टिनाच्या शेडमध्ये कोपऱ्यात बोललेलं मधोमध जास्त चांगलं ऐकू येतं, हे फिजिक्स झालं. सरांचा विषय केमिस्ट्री.

यमुताईंनी जुना रेडिएटर उतरवला, इंजिनात गरम पाणी फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा नितळ पाणी आलं. नवा बसवला, पाइप आवळले, कूलंट भरलं. मग रेडिएटरचं झाकण मुठीत घेऊन त्या स्टुलावर बसल्या आणि चहा प्यायला लागल्या. सव्वातीन झाले होते.

“ताई, झाकण लावा ना. पाहुणे येतील.”

“लागते ना. पयले तुमी फोन लावा. घरी.”

“काहून?” घाबरले की सरांचं पुस्तकी मराठी सुटायचं.

“माह्या बापाच्या झाळीतून चाळीस वर्सं थेंब गळला नाही. अन् तुमी मले भेसळवाली करून राहिले?”

सरांनी मुठीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग फोन लावला.

“स्पीकरवर,” यमुताई म्हणाल्या.

“अगं, ते कूलंट... चांगलंच होतं. मीच रेडिएटरमध्ये सरबत ओतलं.”

पलीकडून एकच प्रश्न, “सगळं?”

“अर्धा पेला उरलंय.”

“यमुताईंना द्या फोन.”

यमुताईंनी फोन कानाला लावला. “बोला वहिनी... नाही वं, इंजिन वाचलं... वास? वास त लय मस्त सुटला होता! चौकातला कुत्राही येऊन बसला सावलीले.” दोघी इतक्या हसल्या, की सरांना उगाच गाडीचं टायर तपासावं लागलं.

मूठ उघडली. झाकण कट्कन बसलं. गाडी सुरू झाली, काटा निमूटपणे जागेवर राहिला. सर मात्र स्टेअरिंग धरून फुरंगटून बसले होते.

“तुम्हाला हसायला काय जातं? चार वाजता व्याही दारात उभे राहतील. त्यांना आता पाजू काय मी?”

“पाणी पाजा, सर, गाडीलेही तेच पाजलं असतं, त इथं आलेच नसते.”